बारा वर्षांचा बल्ब

संक्रांतीला कळंबला गेलो होतो. तीळगूळ देऊन झाला, गोड गोड बोलायचं ठरलं आणि बरोब्बर दहाव्या मिनिटाला अण्णांचं आणि माझं वाजलं. विषय काय, तर गाडीच्या हेडलाईटचा बल्ब!

झालं असं, की पुण्याहून येताना टेंभुर्णी सोडली आणि माझ्या गाडीचा डावा दिवा गेला. कुर्डुवाडी, बार्शी, येरमाळा हा उरलेला सगळा रस्ता शुक्राचार्यांसारखा एका डोळ्याने काढला. दारात गाडी लावली तर अण्णा पायरीवर उभेच. रिटायर्ड मास्तर, त्यामुळे चूक लांबूनच दिसते.

"कधी बसवले होते रे हे दिवे?"

"मागच्या नोव्हेंबरच्या आधी. चौदा महिने झाले."

"हं. आमच्या गाडीला बारा वर्षं झाली. कंपनीतून आलेले बल्ब अजून तसेच आहेत. एकदा तरी बदलला का मी?"

हे वाक्य पुढच्या दोन तासांत आईला, शेजारच्या काकांना आणि दूधवाल्याला ऐकवून झालं. मी घेतलेला एलईडीचा सेट चांगला साडेतीन हजारांचा होता आणि खोक्यावर सोनेरी अक्षरांत '५०,००० तास' असं छापलेलं होतं. आता पन्नास हजार तास म्हणजे किती? रोज एक तास दिवे लावले तर १३७ वर्षं. माझा पणतू तो सेट वारसाहक्काने लावेल अशा हिशोबाने मी तो घेतला होता :-) आणि इकडे दीडशे-दोनशे रुपयांचा साधा हॅलोजन बल्ब बारा वर्षं नाबाद.

मी म्हटलं, ठीक आहे. हरलो. विषय संपला.

पण विषय त्याच रात्री परत उभा राहिला.

ताई छत्रपती संभाजीनगरहून यायची होती. तिची गाडी हायवेने सोलापूरकडे जाते, त्यामुळे ती येरमाळ्याला उतरणार आणि आम्ही तिला आणायला जाणार हे नेहमीचं. माझी गाडी एकाक्ष, म्हणून अण्णांची काढली. चालवायला अण्णाच. ताईला घेतलं, परत निघालो तेव्हा नऊ वाजून गेले असतील. जानेवारी म्हणजे गाळप ऐन रंगात. रांजणीच्या नॅचरल शुगरपासून आसपासच्या सगळ्या कारखान्यांपर्यंत ऊस वाहणारे ट्रॅक्टर, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या. आमच्याकडे जो कोणी रात्री गाडी चालवतो त्याला हे चित्र पाठ आहे.

समोरून एक जीप आली. पांढराशुभ्र, निळसर झाक असलेला प्रकाश. अण्णांनी डिपर दिला, जीपवाल्याने काहीच केलं नाही. ती निघून गेली आणि दोन-तीन सेकंद आम्हाला काहीच दिसेना. मग दिसली ती ट्रॉली. रस्त्याच्या कडेला, अर्धी डांबरावर, पंक्चर. ट्रॅक्टर सोडून नेलेला, चाकाला दगड लावलेले, मागे रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी लोंबतोय. अण्णांनी जो काही ब्रेक दाबला, तो मला अजून छातीत ऐकू येतो. गाडी थांबली तेव्हा बॉनेटवर उसाची पाचट टेकलेली होती.

कोणी काही बोललं नाही. मग अण्णा हळूच म्हणाले, "दिसलीच नाही रे."

पन्नासच्या वर नव्हतो आम्ही. पन्नासला गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २१ मीटर तिथेच गेले. नंतर थांबायला आणखी १४-१५. म्हणजे पस्तीस मीटरवर ट्रॉली दिसायलाच हवी होती. चांगल्या डिपरच्या उजेडात ती त्याआधी दिसते. आम्हाला दिसली नाही.

रात्री झोप लागेना. मला दोन गोष्टी छळत होत्या. एक म्हणजे, बारा वर्षं टिकलेला तो बल्ब नक्की उजेड किती देत होता? आणि दुसरी, जी मी कोणाला सांगितली नाही, ती म्हणजे त्या जीपच्या दिव्यांचा रंग मला ओळखीचा होता. तो माझ्याच गाडीच्या दिव्यांचा रंग होता.

सकाळी अण्णांची गाडी घेऊन गावातल्या वायरिंगवाल्या चाचांकडे गेलो. चाचा चाळीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतात. त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, दिवे लावायला सांगितले आणि मल्टीमीटर काढला. बॅटरीवर १३.६ व्होल्ट. मग बल्बच्या होल्डरवर टोकं लावली. ११.४!

म्हणजे मधल्या वाटेत दोन व्होल्टपेक्षा जास्त गायब. अर्थिंगची वायर गंजलेली, स्विचचे पॉइंट जळकट, कपलर हिरवा पडलेला. चाचांनी अण्णांच्या बारा वर्षांच्या अभिमानाचा निकाल एका वाक्यात लावला.

"अण्णा, बल्बाला उपाशी ठेवलंय तुम्ही. कमी खातंय म्हणून लई दिवस जगायलंय."

अख्ख्या विषयावर मी नंतर जे काही वाचलं, त्याचं सार यापेक्षा वेगळं नाही. तरी सॉफ्टवेअरवाला माणूस, आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. तर मांडतो.

हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनची तार पांढरी होईपर्यंत तापते. तापली की टंगस्टनची वाफ होते, तार झिजते. आतला हॅलोजन वायू (आयोडीन किंवा ब्रोमीन) ही वाफ पकडून परत तारेकडे नेऊन सोडतो, म्हणून साध्या बल्बसारखी काच काळी पडत नाही. युरोपात १९६२ साली एच-१ आला आणि १९७१ साली एच-४, ज्यात अप्पर आणि डिपरच्या दोन तारा एकाच बल्बमध्ये आहेत. पन्नास वर्षं उलटली तरी आपल्याकडच्या असंख्य छोट्या गाड्यांत तोच ६०/५५ वॅटचा एच-४ बसतो.

आता गंमत बघा. या तारेला मिळणारं व्होल्टेज ५ टक्क्यांनी वाढलं, तर उजेड साधारण १८ टक्क्यांनी वाढतो आणि आयुष्य जवळपास निम्मं होतं. उलटही तसंच. बल्बची मोजणी १३.२ व्होल्टवर करतात. अण्णांच्या बल्बला मिळत होते ११.४. हिशोब केला तर उजेड ६० टक्के आणि आयुष्य कागदावर सहा पटींहून जास्त. कमी तापलेल्या तारेला हा हिशोब तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा तीच.

म्हणजे अण्णांचा बल्ब दणकट नव्हता. तो काम करत नव्हता, म्हणून टिकला होता. (आमच्या ऑफिसातही असे काही दीर्घायुषी लोक आहेत, पण तो विषय वेगळ्या शनिवारी.)

दुसरं म्हणजे 'बारा वर्षं' हे मापच चुकीचं आहे. अण्णा रात्री गाडी चालवतात किती? आठवड्याला फार तर अर्धा तास. वर्षाचे झाले २६ तास. बारा वर्षांचे ३१२. आणि साध्या हॅलोजन बल्बचं आयुष्य काहीशे तासांच्या घरातच असतं! मग मी माझ्या एलईडीचा हिशोब काढला. हिंजवडीहून घरी यायला रात्री रोज एक तास, महिन्याचे पंचवीस दिवस, चौदा महिने. साडेतीनशे तास.

म्हणजे ज्या दोन बल्बवरून सणाच्या दिवशी घरात वाजलं, ते दोघे जवळपास सारखेच जगले होते.

पुण्यात रात्रपाळीला कॅब चालवणाऱ्याचे दिवे रोज पाच तास लागतात. त्याचा पाचशे तासांचा बल्ब शंभर रात्रींत संपतो आणि तो म्हणतो, 'हा ब्रँड बेकार, तीन महिन्यांत गेला.' अण्णांसारखा माणूस त्याच बल्बला म्हणतो, 'ब्रँड जबरदस्त, बारा वर्षं झाली.' दोघेही खरं बोलतात आणि दोघांच्याही बोलण्याला काही अर्थ नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाहीत, त्यामुळे मोटरसायकलवाले तर वेगळीच तक्रार करतात. तेव्हा 'किती वर्षं टिकला' असं कोणी सांगितलं, की पहिला प्रश्न विचारायचा: किती तास?

बरं, खोक्यावरच्या तासांचं तरी काय? चांगल्या कंपन्या हॅलोजनला दोन आकडे देतात. एक, ज्या तासाला शंभरातले तीन बल्ब गेलेले असतात. दुसरा, ज्या तासाला शंभरातले ६३ गेलेले असतात. दुसरा आकडा अर्थातच मोठा दिसतो. जाहिरातीत कुठला वापरतात, हे हुशार वाचकांना सांगायला नको. 'पाचशे तास' म्हणजे पाचशे तासांची हमी नाही. पाचशे तासांपर्यंत निम्म्याहून जास्त भावंडं स्वर्गवासी झालेली असू शकतात.

आणि एलईडीचे ते पन्नास हजार? ते चिपचे असतात, बल्बचे नव्हे. चिपची चाचणी प्रयोगशाळेत ठरावीक तापमानाला साधारण सहा हजार तास किंवा त्याहून जास्त घेतात आणि उजेड सत्तर टक्क्यांवर कधी येईल याचा अंदाज पुढे ताणतात. पण हेडलाईटच्या डब्यात चिप एकटी नसते. तिच्या मागे छोटा पंखा असतो, ड्रायव्हर सर्किट असतं, त्यात कपॅसिटर असतो. कपॅसिटरचा ठोकळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. इंजिनशेजारी, बंद डब्यात, मराठवाड्याच्या मे महिन्यात काय होत असेल ते समजून घ्या. माझा सेट मी चाचांकडेच उघडला. चिप ठणठणीत होती. पंखा धुळीने जाम होऊन जळाला होता. एका सर्व्हरचा अपटाइम दाखवून अख्ख्या सिस्टीमचा अपटाइम विकणं, हा आमच्या धंद्यातला जुना खेळ. तोच इथेही.

इथपर्यंत मी खुशीत होतो. दोघंही सारखेच चुकलो, हिशोब बरोबर. पण दुसरी गोष्ट राहिली होती.

त्या संध्याकाळी गाडी कंपाउंडच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर उभी केली. अण्णांची आधी, मग माझी. अण्णांच्या गाडीचा डिपर भिंतीवर पिवळट, मरगळलेला, पण वरची कड स्वच्छ. कडेच्या वर अंधार. माझ्या गाडीच्या उरलेल्या एका एलईडीचा उजेड भरपूर, पण कड कुठे आहे ते शोधावं लागत होतं. वरती, जिथे समोरच्या ड्रायव्हरचे डोळे येतात तिथे, पांढरा धुरळा पसरलेला.

कारण साधं आहे. हॅलोजनचा रिफ्लेक्टर एका बारीक तारेसाठी घडवलेला असतो. तार मिलिमीटरभर इकडची तिकडे झाली तरी झोत बिघडतो. एच-४ मध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी वाटी असते, ती वर जाणारा प्रकाश अडवते. तारेच्या जागी दोन बाजूंना चिकटवलेल्या चिपा आल्या, की रिफ्लेक्टरचं गणितच कोलमडतं. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली, पण ती ठरावीक बल्बला, ठरावीक मॉडेलच्या गाडीत, तपासून. सरसकट नाही. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये नियमात न बसणाऱ्या फेरबदलाला, दर फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रस्त्यावरच्या किती जणांना ती माहीत आहे?

चौदा महिने समोरचे लोक मला अप्पर-डिपर मारत होते. मी त्यांना शिव्या घालत होतो. मला वाटायचं, या लोकांना मॅनर्स नाहीत. येरमाळ्याच्या रस्त्यावर माझ्या वडिलांना आंधळं करणारी ती जीप भेटली तेव्हा कळलं, की ते बिचारे मला काय सांगत होते. कुणाच्या तरी अण्णांना मीही असंच दोन-तीन सेकंद आंधळं केलं असेल. समोर ट्रॉली नव्हती, एवढंच त्यांचं आणि माझं नशीब.

माझा एक मित्र यावर म्हणतो, "अरे, सगळ्यांनीच पांढऱ्या लायटी लावल्यात. आपण पिवळा दिवा लावून कसं चालेल? जगायचं आहे ना?" मुद्दा अगदीच खोटा नाही. रस्त्यावर दिवे नाहीत, ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर नाहीत, मग माणूस स्वतःपुरता सूर्य घेऊन फिरतो. पण ही शर्यत कोणीच जिंकत नाही. समोरच्याने मला आंधळं केलं म्हणून मी त्याला केलं, तर रस्त्यावर दोन आंधळे झाले. आणि जास्त वॅटचे १००/९० चे बल्ब हाही उपाय नाही. ६० वॅटला पाच अँपिअर लागतात, १०० वॅटला आठच्या वर. ते जुन्या वायरिंगवर टाकलं तर आधी होल्डर वितळतो.

मग करायचं काय? चाचांनी जे केलं तेच. अर्थिंगची वायर नवी टाकली, कपलर बदलला, बॅटरीपासून थेट जाड वायर ओढून रिले बसवला. बल्ब तोच साधा ६०/५५, फक्त नवा आणि जोडीने. काचेला बोट लावू दिलं नाही, कारण बोटाचं तेल लागलं की तिथे काच जास्त तापते. बाहेरचं प्लॅस्टिक बारा वर्षांच्या उन्हाने पिवळं झालं होतं, ते घासून पॉलिश केलं. भिंतीसमोर उभं करून फोकस लावला. होल्डरवर आता १३.१ व्होल्ट. खर्च माझ्या एलईडी सेटच्या निम्म्याहून कमी. मीही माझ्या गाडीत परत साधे हॅलोजन टाकले.

त्या रात्री अण्णा मुद्दाम गाडी घेऊन येरमाळ्याच्या रस्त्याला थोडं जाऊन आले. आल्यावर एवढंच म्हणाले, "साइडपट्टी दिसायली की रे."

आणि हो, ज्यांचे बल्ब सारखे उडतात त्यांच्यासाठी. महागडा बल्ब घेण्याआधी व्होल्टेज मोजा. अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून १४.८ व्होल्ट येत असतील, तर कुठलाही हॅलोजन पाव आयुष्यातच जाणार. 'जास्त उजेड' म्हणून मिळणारे बल्बही तार जास्त तापवूनच उजेड देतात, त्यामुळे लवकर जातात. 'लाँग लाईफ' वाले थोडे थंड चालतात. फुकट कोणीच काही देत नाही. फसवणूक नाही त्यात, फक्त सौदा कुठला ते आपल्याला माहीत हवं.

माझं म्हणणं एवढंच, की 'बल्ब किती टिकतो?' हा प्रश्न आपण घड्याळ किंवा मिक्सर घेतल्यासारखा विचारतो. हेडलाईट टिकण्यासाठी नसतो, दिसण्यासाठी असतो. जो बल्ब फट्‌कन उडतो तो निदान सांगून जातो. जो हळूहळू मंद होत बारा वर्षं काढतो, तो रोज थोडं थोडं खोटं बोलतो आणि आपण त्याचं कौतुक करतो. सॉफ्टवेअरमध्ये क्रॅश होणारा प्रोग्राम परवडतो. गुपचूप चुकीचं उत्तर देणारा नाही.

निघताना अण्णांनी विचारलंच, "हे किती वर्षं टिकतील?"

म्हटलं, "माहीत नाही. पण दर संक्रांतीला भिंतीसमोर लावून बघू."

कंपाउंडच्या भिंतीवर त्यांनी खडूने दोन रेघा मारून ठेवल्या आहेत आणि शेजारी तारीख टाकली आहे. मास्तरच शेवटी. तुमच्या घरी भिंत असेलच. पंचवीस फूट जागा असेल तर या शनिवारी बघा लावून. आणि समोरून कोणी अप्पर-डिपर मारला, तर शिवी घालायच्या आधी एकदा भिंत आठवा.